भिंगाकडे पाहून बोललेले स्वगत

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नाटकांवरून दूरचित्रवाणीसाठी तयार होणाऱ्या चित्रपटांविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही दिवस जी चर्चा चालू आहे, ती मी आवडीने वाचते आहे. काही वाचकांचे म्हणणे असे, की नाटक पडद्यावर गेले की त्याचा जीव जातो आणि हाती उरते ते नुसते चित्रण. इतर काहींची तक्रार याच्या नेमकी उलट आहे. पडद्यावर जाऊनही ते नाटकच राहते, माणसे एका खोलीत बसून बोलत राहतात आणि कॅमेऱ्याला बाहेर पडायला वावच मिळत नाही, असे त्यांना वाटते. मला या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो. नाटक आणि चित्रपट यांतला फरक हा जागेचा, म्हणजे बंद खोली आणि मोकळे जग यांच्यातला फरक आहे, असे दोन्ही बाजू गृहीत धरतात. माझ्या मते खरा फरक प्रेक्षकाचा आहे. रंगमंचावरची माणसे ज्याच्यासमोर उभी असतात, तो अंधारात बसलेला समुदाय रूपांतरात नाहीसा होतो. त्याच्या जागी काय ठेवायचे याचे उत्तर ज्या दिग्दर्शकाला सापडते, त्याचाच चित्रपट उभा राहतो. ज्या कलाकृतीने मला हे शिकवले, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

ती कलाकृती म्हणजे 'विट' (इंग्रजीत Wit, म्हणजे बुद्धिचातुर्य). मार्गारेट एडसन यांनी हे नाटक १९९१ मध्ये लिहिले. त्याआधी त्यांनी वॉशिंग्टनमधील एका संशोधन रुग्णालयात, कर्करोग आणि एड्सच्या रुग्णांच्या विभागात, कारकून म्हणून काम केले होते. पुढे त्या बालवर्गाच्या शिक्षिका झाल्या आणि नाटकाला १९९९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाल्यावरही शिकवीतच राहिल्या. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील साउथ कोस्ट रेपर्टरी या संस्थेने नाटक प्रथम रंगमंचावर आणले. त्यावरून माइक निकल्स यांनी एचबीओ या वाहिनीसाठी केलेला चित्रपट २४ मार्च २००१ रोजी प्रसारित झाला. पटकथा निकल्स आणि प्रमुख भूमिका करणाऱ्या एमा थॉम्प्सन या दोघांनी मिळून लिहिली होती. त्या वर्षी दूरचित्रवाणीसाठी केलेल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि दिग्दर्शनाचे अशी दोन्ही एमी पारितोषिके त्याला मिळाली.

कथा थोडक्यात सांगता येते. व्हिवियन बेअरिंग ही पन्नास वर्षांची, एकटी राहणारी, कडक शिस्तीची प्राध्यापिका सतराव्या शतकातील इंग्रजी कविता शिकवते आणि जॉन डन या कवीच्या धार्मिक सुनीतांवरचा तिचा अधिकार सर्वमान्य आहे. तिला अंडाशयाचा कर्करोग होतो आणि तो चौथ्या टप्प्यावर पोहोचल्यावरच कळतो. डॉक्टर केलेकियन तिला प्रायोगिक केमोथेरपीची आठ आवर्तने सुचवतात, तीही मात्रा जराही कमी न करता. ती होकार देते, आठही आवर्तने पूर्ण करते आणि मरते. बहुतेक सगळे रुग्णालयात घडते. चित्रपट करणाऱ्याने बाहेर पडण्यासाठी हजार वाटा शोधल्या असत्या, असा हा विषय आहे.

आता दोन्हींची सुरुवात शेजारी शेजारी ठेवून पाहावी. नाटकात व्हिवियन रिकाम्या रंगमंचावर सलाइनचा स्टँड ढकलीत येते. अंगावर रुग्णालयाचे दोन गाऊन, केस गेलेल्या डोक्यावर टोपी. रुग्णाला दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा 'आज कसे वाटते आहे?' हा प्रश्न ती समोरच्या प्रेक्षकांना विचारते आणि त्याच प्रश्नाची चिरफाड करू लागते. आपण शेवटी मरणार आहोत आणि आपल्याला दोन तासांहून कमी वेळ दिलेला आहे, हेही ती सांगून टाकते. म्हणजे तिसरी घंटा होऊन जेमतेम दोन मिनिटे झालेली असताना प्रेक्षक तिचे साक्षीदार होतात आणि तिच्याशी बांधले जातात.

चित्रपटाने हा प्रवेश जसाच्या तसा घेतला नाही. चित्रपट सुरू होतो तो डॉक्टरांच्या चेहऱ्याने. केलेकियन झालेल्या ख्रिस्तोफर लॉइड यांचा चेहरा चौकट भरून आपल्यासमोर येतो आणि पहिल्याच वाक्यात कर्करोग झाल्याचे सांगतो. कोणाला, हे आपल्याला अजून माहीत नसते. घरात खुर्चीवर एकट्या बसलेल्या माणसाला ते वाक्य उद्देशून आलेले असते, आणि व्हिवियनचा चेहरा दिसेपर्यंतच्या त्या क्षणात रुग्ण आपण असतो. रूपांतर म्हणतात ते याला. नाट्यगृहात शेकडो माणसांना एकत्र साक्षीदार करता येते, पण घरात तो समुदायच नसतो. तेव्हा त्या एकट्या माणसाला साक्षीदार करण्याऐवजी निकल्स त्याला थेट रुग्णाच्या खुर्चीत बसवतात. मूळ प्रवेशाचा हेतू त्यांनी राखला आणि युक्ती बदलली.

त्यानंतर व्हिवियन चित्रपटभर अधूनमधून कॅमेऱ्याच्या भिंगाकडे वळून आपल्याशी बोलते. एका मित्राने मला विचारले होते, की ही रंगभूमीची लकब पडद्यावर खटकत नाही का? चित्रपटगृहात ती बहुधा खटकली असती. मोठ्या पडद्यावर पात्राने प्रेक्षकाकडे पाहिले की काहीतरी मोडल्यासारखे वाटते, कारण तिथे आपण न दिसता पाहणारे असतो. परंतु दूरचित्रवाणीचे तसे नाही. बातम्या देणारा, हवामान सांगणारा, औषधाची जाहिरात करणारा, सगळे आपल्याच डोळ्यांत पाहून बोलतात. घरातल्या त्या पेटीतून कोणी आपल्याकडे पाहणे हीच तिथली नेहमीची रीत आहे. म्हणून रंगमंचावरचे स्वगत चित्रपटगृहापेक्षा दूरचित्रवाणीवर अधिक सहज रुजते. आपल्याकडे संगीत नाटकापासून स्वगताची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे पटायला जड जाऊ नये. हे नाटक चित्रपटगृहाऐवजी वाहिनीवर आले, यात व्यवहाराची गणिते असतीलच, पण कलेच्या दृष्टीनेही तीच त्याची खरी जागा होती असे मला वाटते.

या नजरेचा चित्रपटात जो प्रवास होतो, तो तर केवळ कॅमेऱ्यालाच शक्य होता. आरंभी व्हिवियन भिंगाकडे पाहते ती वर्गाकडे पाहावे तशी. वाक्ये घोटीव, हनुवटी वर, समोरच्याला काही कळणार नाही याची तिला खात्री आहे. उलट्या, ताप आणि एकांतवासाच्या खोलीतले दिवस सुरू झाल्यावर तीच नजर कोणीतरी समोर आहे ना, याची चाचपणी करू लागते. थॉम्प्सन यांनी हा बदल आवाजापेक्षा पापण्यांनी केला आहे. शेवटी मॉर्फिनच्या ग्लानीत ती बुडते आणि त्यानंतर ती पुन्हा आपल्याकडे पाहत नाही. तिला आता काही सांगता येणार नाही, हे आपल्याला उमजते आणि खोलीत पाहुण्यासारखे आपण मागे उरतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ही नजर दिसण्याचा मार्गच नाही.

सुट्या हालचालींचेही असेच आहे. सूझी ही परिचारिका (ऑड्रा मॅक्डॉनल्ड यांची भूमिका) एका रात्री व्हिवियनला जोड आइसकांडी आणून देते. व्हिवियन ती मधोमध मोडते आणि अर्धी सूझीच्या हातात देते. आयुष्यभर विद्यार्थ्यांना दया न दाखवलेल्या बाईने कोणाला तरी काही देऊ केल्याचा तो क्षण आहे. त्या कांडीच्या दोन अर्ध्यांच्या साक्षीनेच सूझी तिला विचारते, की हृदय बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न डॉक्टरांनी करावा, की करू नये. जीवनमरणाचा निर्णय आणि विरघळणारा बर्फ एकाच चौकटीत राहतात. यासाठी कॅमेऱ्याला खोलीबाहेर जावे लागले नाही, फक्त जवळ जावे लागले.

नाटकाचे मर्म ज्या प्रसंगात आहे असे मी मानते, त्याकडे आता येते. व्हिवियन विद्यार्थिनी असताना तिच्या गुरू, प्राध्यापिका ॲशफर्ड, तिचा निबंध परत देतात, कारण तिने डनच्या मृत्यूवरील सुनीताची चुकीची छापील प्रत वापरलेली असते. त्या प्रतीत शेवटच्या ओळीत अर्धविराम, मोठे अक्षर आणि उद्गारचिन्ह यांची गर्दी आहे. हेलन गार्डनर यांच्या संपादित आवृत्तीत मृत्यू आता उरणार नाही, या विधानानंतर केवळ एक स्वल्पविराम येतो आणि मग मृत्यूला उद्देशून तूच मरशील असे म्हटले जाते. ॲशफर्ड सांगतात, की जीवन आणि चिरंतन जीवन यांच्यामध्ये कोणतीही नाट्यमय भिंत नाही, एक श्वास आहे, एक स्वल्पविराम आहे. नाटकाच्या छापील इंग्रजी नावातही मधल्या अक्षराच्या जागी अर्धविराम बसवलेला आहे, तो यासाठीच.

मी पंचवीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले, त्यात डनही शिकवला, आणि विरामचिन्हांवर इतके नाटक उभे राहू शकेल असे मला कधी वाटले नव्हते. मोडीत लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांना विरामचिन्हांची गरज भासली नाही, ती छापखान्याबरोबर आपल्याकडे आली. तरी 'स्वल्पविराम' हा आपला शब्द ॲशफर्ड यांचे सगळे म्हणणे पोटात घेऊन बसला आहे. स्वल्प विराम, थोडेसे थांबणे. इंग्रजी शब्दात हा अर्थ इतका उघडा नाही. चित्रपटात ॲशफर्ड झालेल्या आयलीन ॲटकिन्स स्वल्पविरामाचे हे वाक्य कोणताही आविर्भाव न करता, शिक्षिकेच्या सवयीने बोलून जातात आणि म्हणूनच ते शेवटपर्यंत मनात राहते.

ह्या आठवणींचे चित्रीकरणही पाहण्यासारखे आहे. रंगमंचावर एकच अभिनेत्री, त्याच गाऊनमध्ये, केवळ प्रकाशयोजना बदलल्यावर बावीस वर्षांची विद्यार्थिनी होते आणि पाच वर्षांची मुलगीही होते. पडद्यावर भूतकाळ हुबेहूब उभा करणे सोपे असते, आणि चित्रपटात केस असलेली, नीटनेटक्या पोशाखातली व्हिवियन दिसतेही. पण निकल्स अनेक ठिकाणी केस गेलेल्या, गाऊन घातलेल्या व्हिवियनलाच त्या भूतकाळात नेऊन बसवतात. वडील वर्तमानपत्र वाचत बसले आहेत (ही छोटी भूमिका नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांनी केली आहे) आणि ती त्यांच्याजवळ सशांच्या गोष्टीचे पुस्तक वाचते आहे. त्यात 'झोप आणणारा' या अर्थाचा एक अवघड इंग्रजी शब्द येतो. वडील तिला त्याचा अर्थ सांगतात आणि शब्दांवरच्या तिच्या प्रेमाची तिथे सुरुवात होते. पुढे मरणाच्या दारात, मॉर्फिनविषयी बोलताना ती तोच शब्द सूझीला वापरून दाखवते. सूझीला तो माहीत नसतो. ती सरळपणे म्हणते, की ते मला ठाऊक नाही, पण याने झोप मात्र येते. दोघी हसू लागतात. नाट्यगृहात या जागी मोठा हशा होतो. घरात एकट्याने पाहताना मला हसूही आले आणि डोळेही भरून आले, आणि त्यातले आधी कोणते हे मला सांगता येणार नाही.

रुग्णालयातील पाहणीचा प्रसंग मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. डॉक्टर आणि त्यांचे शिकाऊ सहकारी व्हिवियनच्या पलंगाभोवती उभे राहून तिच्या पोटावर हात ठेवीत एकमेकांना प्रश्न विचारतात, आणि ती आपल्याला सांगते, की आपण कविता जशी वाचत होतो तसे आता हे लोक आपल्याला वाचत आहेत. जेसन हा तरुण डॉक्टर कधीकाळी तिचाच विद्यार्थी होता. बुद्धिमान, मेहनती, आणि रुग्णाला नमस्कार करण्याची आठवण करून द्यावी लागावी असा. तो दुष्ट नाही. व्हिवियन ज्या एकाग्रतेने डनच्या ओळी पाहत आली, त्याच एकाग्रतेने तो पेशी पाहतो. माझी आई शेवटच्या आजारात असताना एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तिच्या पलंगाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूच्या सहकाऱ्यांशी दहा मिनिटे चर्चा केली आणि तिच्याकडे एकदाही न पाहता ते निघून गेले. आई म्हणाली, 'मी झोपले आहे असे त्यांना वाटले असेल.' मला त्या डॉक्टरांचा राग अनेक वर्षे होता. हा चित्रपट पाहिल्यावर राग पूर्ण गेला असे नाही, पण माझ्या वर्गात उत्तर न आल्यामुळे मान खाली घालून उभ्या राहिलेल्या मुली मला प्रथमच आठवल्या. या चित्रपटाचा वैद्यकीय शिक्षणात उपयोग केला गेला, याचे मला आश्चर्य वाटत नाही. तो शिक्षकांच्या प्रशिक्षणातही दाखवायला हवा.

रूपांतरात काहीच हरवले नाही, असा माझा दावा नाही. नाटकाचा शेवट विलक्षण आहे. हृदय बंद पडल्यावर काहीही करू नये अशी व्हिवियनची नोंदवलेली इच्छा असताना जेसन गोंधळून तातडीच्या पथकाला बोलावतो. पलंगाभोवती झटापट आणि आरडाओरडा चालू असतो. त्याच वेळी व्हिवियन पलंगावरून उठते, टोपी काढते, मनगटावरची रुग्णालयाची पट्टी काढते, एकेक गाऊन उतरवते आणि विवस्त्र होऊन प्रकाशाकडे हात उंचावते. आपल्यासारखाच श्वास घेणारा जिवंत देह तिथे समोर असतो. पडद्यावर हे करून दाखवले असते तर ते स्वप्नदृश्य किंवा नुसती छायाचित्रणाची करामत वाटली असती, हे निकल्स यांनी ओळखले असावे. त्यांनी तो शेवट सोडून दिला. पडद्यावर व्हिवियनचा निश्चल चेहरा राहतो आणि तिच्याच आवाजात डनचे ते सुनीत ऐकू येते. हे शांत आहे, योग्य आहे, आणि तरी नाटकातल्या त्या शेवटाच्या तोडीचे नाही. जे भिंगापुढे जगत नाही ते तिथे न नेण्याचा विवेक दिग्दर्शकाने दाखवला, एवढेच मी म्हणेन.

त्याआधीचा एक प्रसंग मात्र मला नाटकाहूनही चित्रपटात अधिक भावतो. ऐंशी वर्षांच्या ॲशफर्ड पणतवाच्या वाढदिवसासाठी गावात आलेल्या असतात आणि व्हिवियनला भेटायला येतात. तिला काही म्हणून दाखवू का, डन म्हणू का, असे त्या विचारतात. व्हिवियन कण्हून नकार देते. मग त्या चपला काढून पलंगावर चढतात, तिला कुशीत घेतात आणि पणतवासाठी घेतलेले पुस्तक वाचू लागतात. घरातून पळून जाऊ पाहणारे सशाचे पिल्लू आणि ते जिथे जाईल तिथे त्याच्या मागे जाणारी आई, अशी ती गोष्ट. खोली तीच, दोन बायका, एक पुस्तक. कॅमेरा कुठेही जात नाही. त्याने त्या क्षणी खिडकीबाहेरचे आकाश दाखवले असते, तर मी दूरचित्रवाणी बंद केली असती.

म्हणून नाटकाला 'मोकळे करणे' हा ज्या वाचकांचा आग्रह आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी हा चित्रपट पाहावा. त्याचबरोबर आर्थर मिलर यांच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'वरून फोल्कर श्लॉन्डॉर्फ यांनी डस्टिन हॉफमन यांना घेऊन १९८५ मध्ये केलेला दूरचित्रवाणी-चित्रपटही पाहावा. त्यात घराचे नेपथ्य नेपथ्यच आहे, हे मुद्दाम दिसू दिलेले आहे. खोलीच्या भिंती खऱ्या न वाटल्याने नाटकाचा नायक विली लोमन याचे दुःख कुठेही खोटे वाटत नाही.

मराठी वाहिन्यांनी नाटके घ्यावीत, असे आपल्या काही पत्रलेखकांनी सुचवले आहे. मी त्याला मनापासून अनुमोदन देते, परंतु दोन गोष्टींचा विचार व्हावा. 'विट' मध्यंतराशिवाय होणारे नाटक आहे आणि ते जाहिरातींचा व्यत्यय नसलेल्या वाहिनीवर आले. सूझीच्या प्रश्नानंतर आणि व्हिवियनच्या उत्तराआधी साबणाची जाहिरात आली असती, तर वर लिहिलेल्यातले काहीच उरले नसते. एखादे नाटक घ्यायचे तर त्याला सलग वेळ द्यावा लागेल, किंवा जाहिराती फक्त आरंभी आणि अखेरीस दाखवण्याची तयारी ठेवावी लागेल. दुसरे असे, की चार कॅमेरे लावून प्रयोग टिपणे हे काम जतनाच्या दृष्टीने मोलाचे आहेच, पण त्याला रूपांतर म्हणू नये. रूपांतरासाठी संहिता पुन्हा लिहावी लागते, आणि ती लिहिताना दिग्दर्शक आणि मुख्य नट एकत्र बसले तर किती फरक पडतो, हे निकल्स आणि थॉम्प्सन यांनी दाखवले आहे. आपल्या वृत्तपत्रानेही अशा चित्रपटांचे परीक्षण मालिकांच्या चौकटीत दोन ओळींत न उरकता नाटकाच्या बरोबरीने स्वतंत्रपणे छापावे, ही विनंती.

आणखी एक मागणी किरकोळ वाटेल, पण मला ती महत्त्वाची वाटते. असे परभाषेतील चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवले गेले, तर ते काम साहित्याची जाण असलेल्या अनुवादकाकडे द्यावे आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. उपशीर्षकांत विरामचिन्हे सहसा जागा वाचवण्यासाठी गाळली जातात. ॲशफर्ड आपल्या विद्यार्थिनीला ती एक ओळ वाचून दाखवतील, तेव्हा पडद्याच्या तळाशी तो स्वल्पविराम छापलेला असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका